मार्फत : एक पत्ता, अनेक माणसे

(अकादमीने सीमाभागातील मराठीविषयी भरवलेल्या चर्चासत्रातील व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी साहित्याचा माणूस आहे. माझा पीएच.डी.चा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर होता आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी मराठीच शिकवतो आहे. अशा माणसाने संगणकाच्या जाळ्यातील पत्त्यांविषयी बोलायला उभे राहावे, हे आपल्याला थोडे विचित्र वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या महाविद्यालयात अशा दोन गोष्टी घडल्या की, हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही, भाषेच्या माणसांनीही तो समजून घेतला पाहिजे, असे माझे मत झाले. त्या दोन गोष्टी मी आपल्याला सांगणार आहे. त्याआधी मात्र एका किराणा दुकानात जावे लागेल.

मी बीदर जिल्ह्यातील संतपूरचा. औराद तालुक्यातले हे गाव. जुनी माणसे तालुक्याचे नावच ‘औराद-संतपूर’ असे जोडून घेतात, कारण औराद नावाची गावे अनेक. सीमेपलीकडे निलंगा तालुक्यात औराद शहाजानी आहे, आणि आमच्या औरादची पत्रे तिकडे आणि तिकडची इकडे, असा प्रकार माझ्या लहानपणी होत असे. गावातली पुष्कळ माणसे पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईकडे गेलेली. त्यांच्या घरी पत्र येई ते थेट घरी नाही. वेशीजवळ एक किराणा दुकान होते. पत्रावर लिहिलेले असे : अमुक तमुक, मार्फत किराणा दुकान, मु. पो. संतपूर, ता. औराद, जि. बीदर. वाड्या-तांड्यांवरच्या, शेतात वस्ती करून राहणाऱ्या माणसांना स्वतःचा असा लिहिण्याजोगा पत्ता नव्हता. दुकानाचा पत्ता हाच साऱ्यांचा पत्ता.

दुकानदार काकांची एक पद्धत होती. कुणी पत्र टाकायला आले की ते एका जुन्या वहीत नोंद करत. पत्र कुणाचे, कुठे चालले. आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याशेजारी कोपऱ्यात एक आकडा घालत. चौदा, पंधरा, सोळा. पत्रात सांगून ठेवायचे की उत्तर धाडताना हा आकडा पाकिटावर घालावा. गावात एकाच नावाची चार-चार माणसे. आकडा असला म्हणजे घोटाळा नाही. उत्तर आले की काका वही उघडत, आकडा बघत आणि पोराकरवी निरोप धाडत. आमच्या आजीचा आकडा एकवीस होता. पुण्याच्या टपाल कचेरीला आजी ठाऊक नव्हती, तांडा ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होते फक्त दुकान. आजीपर्यंतचा शेवटचा पल्ला त्या वहीने गाठलेला असे.

‘मार्फत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा संबंध ओळखीशी, जाणण्याशी आहे. ज्याला लोक ओळखतात त्याच्या ओळखीने मला गाठा, असा त्या पत्त्याचा भाव. पत्त्याला आमच्या भागात शब्दही पुष्कळ. मराठीत पत्ता, कन्नडमध्ये ‘विळास’, तेलुगूत ‘चिरुनामा’, दखनीत ‘पता’. संतपूरच्या बाजारात एका सकाळी हे चारही शब्द कानांवर पडू शकतात. निजामाच्या राज्याची स्वतःची टपालव्यवस्था होती आणि तिच्या तिकिटांवर उर्दूच्या जोडीला मराठी आणि तेलुगू अक्षरेही असत. १९३१ पासूनच्या मालिकेतल्या बारा आण्यांच्या तिकिटावर तर बीदरच्या महमूद गवानाच्या मदरशाचे चित्र होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिलो. सोयरिकी तिकडे, सातबारा इकडे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, आणि संस्कृतचे कवी व नाटककार. ही माहिती मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, कारण आकड्यांची आणि अक्षरांची माणसे निराळी असतात असा त्यांचा समज असतो. त्या सहा अंकांत आमची कहाणी एका अंकाने सांगितलेली आहे. बीदर-कलबुर्गीचे क्रमांक ५८५ ने सुरू होतात, उदगीर-लातूरचे ४१३ ने. पहिला अंक विभागाचा. मावशीच्या घरी मी दुपारी जाऊन संध्याकाळी परत येतो, पण तिच्या घराचा पहिला अंक चार आणि माझा पाच.

आता संगणकाकडे वळू.

महाजालावर बोलायचे तर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या नियमांप्रमाणे हा पत्ता म्हणजे बत्तीस द्विअंकी स्थानांची एक संख्या; आपण ती चार भागांत, मध्ये टिंब देऊन लिहितो. बत्तीस स्थानांत किती पत्ते मावतात? ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या काळी संगणक होते विद्यापीठांत, संशोधन संस्थांत, सैन्यात. एवढे पत्ते कधी संपतील हे कुणाला खरे वाटले नसते. पण संगणक कचेरीत आला, घरात आला, शेवटी खिशात आला. जगाची लोकसंख्याच आठशे कोटींच्या घरात. मग सव्वाचारशे कोटी पत्ते पुरणार कसे? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटले गेले आणि कोठार रिकामे झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलपासून आशिया-प्रशांत विभागातील नोंदणी संस्थेने उरलेले पत्ते मोजून-मापून द्यायला सुरुवात केली. आपला देश याच विभागात येतो.

टंचाई येणार हे जाणकारांनी आधीच ओळखले होते. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना अशी, की कचेरीच्या आतल्या यंत्रांना आतल्यापुरते पत्ते द्यावेत, आणि बाहेर जाताना उंबरठ्यावर ते बदलावेत. हा तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. आपल्याकडे तात्पुरती पत्र्याची शेड जशी तीस वर्षे टिकते, तसा हा तात्पुरता उपायही तीस वर्षे टिकून आहे.

१९९६ मध्ये अशा आतल्या पत्त्यांसाठी तीन पट्टे कायमचे राखून ठेवण्यात आले. एक १० ने सुरू होणारा, दुसरा १७२.१६ ते १७२.३१ आणि तिसरा १९२.१६८ ने सुरू होणारा. आपल्या घरातल्या, शाळेतल्या राउटरवर हा तिसरा बहुधा आपण पाहिला असेल. या पत्त्यांची गंमत अशी की ते कुणाच्याच मालकीचे नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. १९२.१६८.१.१ हा पत्ता संतपुरात आहे, पुण्यात आहे, टोकियोतही आहे. ‘मारुतीच्या पारासमोरचे घर’ हा पत्ता गावात अगदी नेमका असतो. वेशीबाहेर त्याला काही अर्थ राहत नाही, कारण पार प्रत्येक गावाला आहे. तसेच हे. म्हणून असा पत्ता घेऊन बाहेर पडलेले पाकीट महाजालावर कुणी पुढे नेत नाही. उत्तर कुठे द्यायचे हेच कळणार नाही.

मग आतले यंत्र बाहेरच्याशी बोलते कसे? इथे आमच्या दुकानदार काकांची वही येते.

समजा, आमच्या ग्रंथालयातील संगणकाचा आतला पत्ता १९२.१६८.१.२३ आहे. महाविद्यालयाला बाहेरचा पत्ता एकच, समजा २०३.०.११३.७. (हा पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला आहे, म्हणून निर्धास्त वापरतो.) एक विद्यार्थिनी मुंबईतल्या एखाद्या ग्रंथालयाचे पान उघडते. तिच्या संगणकातून एक पाकीट निघते. त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात : पाठवणाऱ्याचा पत्ता, पाठवणाऱ्याची खूण, घेणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याची खूण. या खुणेला तंत्रज्ञ ‘पोर्ट’ म्हणतात. ती ० ते ६५,५३५ यांमधील एक संख्या असते. पाकीट राउटरपाशी येते. राउटर पाठवणाऱ्याचा आतला पत्ता खोडून तिथे महाविद्यालयाचा बाहेरचा पत्ता लिहितो, गरज पडल्यास खूणही बदलतो, आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो : बाहेरची खूण ४०,०२१ म्हणजे आतला संगणक १९२.१६८.१.२३, त्याची स्वतःची खूण ५१,५१४. मुंबईहून उत्तर येते ते २०३.०.११३.७ या पत्त्यावर, खूण ४०,०२१. राउटर तक्ता बघतो, पत्ता पुन्हा बदलतो आणि पाकीट त्या मुलीच्या संगणकाकडे जाते. तिला वाटते, आपण थेट मुंबईशी बोललो. मुंबईला वाटते, आपण २०३.०.११३.७ शी बोललो. दोघांच्या मध्ये एक वही आहे, हे दोघांनाही जाणवत नाही.

अशी एक-दोन नव्हे, शेकडो माणसे एकाच पत्त्याआडून एकाच वेळी बोलू शकतात. फरक एवढाच की काकांची वही वर्षानुवर्षे जपलेली होती. राउटरचा तक्ता स्मृतीत असतो. बोलणे थांबले की नोंद थोड्या वेळाने पुसली जाते, आणि वीज गेली तर सगळाच तक्ता जातो. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

हे सगळे मला आमच्या संगणक प्रयोगशाळेच्या सहायकाने शिकवले. तो घरी कन्नड बोलतो, बाजारात दखनी आणि माझ्याशी मराठी. त्याचे पहिलेच वाक्य होते, “सर, भाईर आपला येकच विळास हाय. आत समद्यांचे निराळे.” संगणकशास्त्राच्या पुस्तकात ज्यासाठी दोन पाने लागतात, ते त्याने तीन भाषांच्या नऊ शब्दांत सांगितले.

आता पहिली घटना.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने मी एक कार्यशाळा ठरवली. आमच्या गावांविषयी, जत्रांविषयी, बोलीतल्या शब्दांविषयी मुलांनी मराठीत नोंदी लिहाव्यात, आणि त्या महाजालावरच्या एका सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळावर घालाव्यात. एकवीस विद्यार्थी बसले. प्रत्येकाने आपल्या नावाचे खाते उघडायचे होते. सहा खाती उघडली गेली. सातव्या मुलीला पडद्यावर सूचना आली, की या पत्त्यावरून आजच्या दिवसात पुरेशी खाती उघडली गेली आहेत, आता उद्या या. तिने विचारले, “सर, मी तर एकच उघडलं नं?” तिचे बरोबर होते. संकेतस्थळाचेही बरोबर होते. एकच माणूस शंभर खोटी खाती उघडून धुमाकूळ घालू नये म्हणून तसा नियम असतो. नियम माणसे मोजत नव्हता, पत्ते मोजत होता. आणि बाहेरून पाहिले तर आम्ही एकवीस नव्हतो. आम्ही एक होतो.

त्या दिवशी उरलेल्या पंधरा जणांनी आपापल्या मोबाइलवरून प्रयत्न केला. काहींची खाती उघडली, काहींची नाही. ज्यांची उघडली नाहीत त्यांच्या नोंदी दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. सातवी मुलगी तांड्यावरची. घरी लमाणी बोलते, मराठीत लिहिते. तिने आपल्या तांड्यावरच्या होळीविषयी दोन पाने लिहिली होती. ती पाने आज ज्या नावाखाली आहेत, ते तिचे नाव नाही. मला हे आधी कळायला हवे होते. अशा कार्यशाळेची सूचना संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांना आधी दिली तर त्या दिवसापुरती मर्यादा सैल करून मिळू शकते. मी ती दिली नव्हती, कारण अशी मर्यादा असते हेच मला ठाऊक नव्हते. दोष माझा होता.

हाच हिशेब दुसऱ्या टोकानेही लागतो. पुष्कळ ठिकाणी वाचक मोजताना पत्ता हा एक आधार धरला जातो. आमच्या ग्रंथालयात बसून चाळीस मुलांनी एखाद्या मराठी ग्रंथसंग्रहातले पुस्तक वाचले, तर ढोबळ मोजणीत तो एका पत्त्यावरचा वाचक ठरू शकतो. पुण्यातल्या चाळीस घरांतले चाळीस वाचक मात्र चाळीसच. सीमाभागात मराठी वाचणारे किती, हा प्रश्न आपल्या सभांमधून नेहमी विचारला जातो. तो आकडा कुठून आला, कशाने मोजला, हेही एकदा विचारत जा, एवढेच माझे सांगणे आहे.

दुसरी घटना मला अधिक जवळची आहे.

प्रबंधाच्या काळात मी औराद, भालकी, कमलनगर या भागांत हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या होत्या. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; ते काम आज सर्वांना ऐकता येते. माझे काम त्यापुढे मूठभर. पण आमच्या बायांच्या ओव्यांत कन्नड शब्द येतात, कन्नडचा हेल येतो, गाणगापूर येते, बसवकल्याण येते. त्या गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आज नाहीत. सहायकाच्या मदतीने मी फिती संगणकावर उतरवल्या आणि ग्रंथालयातल्या एका जुन्या संगणकावर त्यांचे छोटे संकेतस्थळ केले. महाविद्यालयात कुठूनही ते उघडायचे. मुले ऐकत होती. मी खूश होतो.

उदगीरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आईच्या ओव्या माझ्याकडे आहेत असे त्यांना भाच्याने सांगितले होते. आईचा फोटो त्यांच्याजवळ होता, आवाज नव्हता. मी म्हणालो, हा पत्ता टाका. त्यांनी टाकला. काही उघडेना. मीही घरून टाकून पाहिला. काही उघडेना.

सहायकाने कारण सांगितले, आणि तिथे मला ही सगळी व्यवस्था खऱ्या अर्थाने कळली. राउटरच्या तक्त्यात नोंद होते ती आतून कुणी आधी बोलले तर. उत्तर आत येऊ शकते, कारण प्रश्न आतून गेलेला असतो. पण बाहेरून कुणी आपण होऊन आले, तर तक्त्यात त्याची नोंद नसते. आत पन्नास यंत्रे. हे पाकीट कुणाचे? राउटर ते टाकून देतो. म्हणजे आम्ही जगाकडे जाऊ शकत होतो, जग आमच्याकडे येऊ शकत नव्हते.

मित्रहो, सीमाभागातल्या मराठीची स्थिती मी वेगळ्या शब्दांत सांगू शकलो नसतो. आम्ही पुण्या-मुंबईचे वाचतो. मासिके, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके मागवतो. मागितले की येते. आमच्याकडे काय आहे हे बघायला आपण होऊन कुणी निघाले, तर त्याला वाट नसते. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. राउटरचाही नसतो. त्याच्या वहीत आमची नोंद नसते, इतकेच.

यावर उपाय आहे. राउटरमध्ये एक कायमची नोंद लिहून ठेवता येते : अमुक खुणेवर बाहेरून जे येईल ते ग्रंथालयाच्या त्या संगणकाकडे पाठवावे. सहायकाने ती लिहिली. तरीही काही उघडेना. दोन दिवस तो डोके धरून बसला. शेवटी त्याच्या लक्षात आले की आमच्या राउटरला जो बाहेरचा पत्ता वाटत होता, तोही खरा सार्वजनिक नव्हता. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. २०१२ मध्ये हा पट्टा सेवा देणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून दिला गेला. त्यात सुमारे बेचाळीस लाख पत्ते आहेत. म्हणजे आमच्या उंबरठ्यापलीकडे आणखी एक उंबरठा होता, आणि तिथे दुसरी वही होती, जी आमच्या हातात नव्हती. आमच्यासारखी कितीतरी गिऱ्हाइके त्या एका सार्वजनिक पत्त्याआड होती. दुकानाचा पत्ताही कुणाच्या तरी मार्फतच होता म्हणा ना.

मग स्वतःचा, कायमचा सार्वजनिक पत्ता मागावा लागला. त्याला वर्षाला जादा पैसे. टिपण वर गेले. खाली शेरा आला : “बाहेरून कोण येणार आहे?” शेरा रास्त होता, पैसा सार्वजनिक आहे, विचारणा व्हायलाच हवी. मी उत्तरादाखल लांबलचक काही लिहिले नाही. उदगीरच्या बाईंचा अर्ज सोबत जोडला. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, मराठीत, आणि खाली पत्ता घातला होता, पिन कोडसकट. मंजुरी मिळायला पाच महिने लागले.

इथे एक इशारा देतो, कारण श्रोत्यांत शिक्षक आहेत आणि उद्या कुणी घाईने दार उघडील. बाहेरचे आत येऊ शकत नाहीत म्हणून आपले जाळे सुरक्षित आहे, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वही म्हणजे कुलूप नव्हे. आतल्या माणसाने फसवी चिठ्ठी उघडली तर चोर आतूनच बोलावला जातो. आणि दार उघडले तर जगातल्या कुणालाही ते दिसते. आम्ही फक्त एक संगणक, एक खूण, एवढेच उघडले. त्या संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती नाही, गुण नाहीत, पगारपत्रके नाहीत. ध्वनिफितींची एक प्रत दुसरीकडे ठेवली आहे.

या पत्ता बदलण्याच्या तंत्राला लिनक्स वापरणाऱ्या मंडळींत एक जुने नाव आहे. त्याचा अर्थ होतो ‘सोंग’, ‘वेषांतर’. आतला माणूस दारावरच्याचा वेष घेऊन बाहेर जातो. ते ऐकले आणि मला दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना लुटू दिले. बीदरच्या बादशहाचा राग झाला. तेव्हा विठ्ठल विठू महाराचा वेष घेऊन बीदरला आला, धान्याचे पैसे भरले आणि दामाजींच्या नावाची पावती घेऊन गेला, अशी कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. बादशहाने पाहिला तो विठू. पावती पोचली ती दामाजींना. या कथेत मला नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे. देवाने वेष घेतला तो दिवाणाचा नाही. ज्याला दरबाराच्या दारापाशीही उभे करत नसत, त्याचा घेतला. पत्ता कुणाचा वापरला जातो आणि नोंद कुणाच्या नावे राहते, हा प्रश्न आमच्या बीदरला इतका जुना आहे.

पुढे काय? बत्तीस स्थानांच्या जागी एकशे अठ्ठावीस स्थानांचा नवा पत्ता १९९५ मध्येच आखला गेला आहे. त्यात मावणारे पत्ते लिहायला एकोणचाळीस अंक लागतात. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळेल, मार्फतची गरज उरणार नाही. दूरसंचार विभागाने त्याचा राष्ट्रीय आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध केला, आणि मोबाइलमुळे भारत आज या नव्या पत्त्यांच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. आपल्या खिशातल्या फोनला बहुधा असा पत्ता मिळालेलाही असेल. पण कचेऱ्या, शाळा, ग्रंथालये यांची जुनी यंत्रे अजून जुन्याच पत्त्यांवर आहेत. दोन्ही व्यवस्था बराच काळ शेजारी शेजारी नांदतील. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले, तेव्हा आपल्याला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण पाटी मराठीत लागली म्हणून दार उघडते असे नाही. नावाच्या मागे आकड्यांचा पत्ता असतो, आणि तो बाहेरून गाठता आला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो आणि थांबतो. लेखकांनी या विषयावर मराठीत लिहावे. ‘मार्फत’, ‘खूण’, ‘वही’, ‘उंबरठा’ हे शब्द या कामाला पुरतात, हे मी आज आपल्यासमोर वापरून पाहिले. शिक्षकांनी आपल्या संस्थेत एक प्रश्न विचारावा : आपला बाहेरचा पत्ता कोणता, तो आपलाच आहे का, आणि त्याच्या आड किती माणसे आहेत? कार्यशाळा घेण्याआधी तर नक्कीच विचारावा. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या लेखनाखाली आपले नाव राहील याची काळजी घ्यावी. यंत्र तुम्हाला एकात मोजील. तुम्ही स्वतःला तसे मोजू नका.

त्या सातव्या मुलीचे खाते नंतर उघडले. होळीवरची नोंद तिने पुन्हा, आधीपेक्षा मोठी लिहिली आहे आणि ती तिच्या नावावर आहे.

उदगीरच्या बाईंचा फोन मागच्या आषाढात आला. रात्रीची वेळ होती. त्यांनी ओवी लावली होती. फोनमधून मला ती ऐकू येत होती, आणि मागे जात्याची घरघर. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, आई मधीच खोकलती बघा. ते काढू नका.”

मी ते काढलेले नाही.